दोनशे सात

गाडी माझ्या नावावर आहे.
हे आधी सांगून ठेवते, कारण कागद देताना
आरटीओतला माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.
मागे कुणी नव्हतं.

टाटा दोनशे सात. इतकी जुनी की
मीटरवरचे आकडे एका जागी थांबलेत
आणि खरे किलोमीटर किती, कुणी छातीठोक सांगत नाही.
उदगीरच्या मोंढ्यात तिनं डाळीची पोती वाहिली,
मग दूध, मग मंडपाचे बांबू,
मग दोन वर्षं नुसती उभी.
ड्रायव्हरच्या सीटखाली कोंबडी अंडी घालायची.

मला हौद्यात मिरची कांडप बसवायचंय.
हाळी, वाढवणा, देवर्जनच्या बायका
पिशव्या घेऊन उदगीरला येतात,
नाकाला पदर लावून अर्धा दिवस नंबर धरतात.
आता यंत्रच जाईल त्यांच्या दारात.
विहिरीवरचं पाच एचपीचं इंजिन पडूनच होतं.
ते पुढे, कांडप मागे, मधे पट्टा.
मन्मथनं वहीत चित्र काढलं, तीनदा खोडलं.

अंगणात गाडी घेताना धुण्याची तार सोडावी लागली.
विटांवर चढवली. मन्मथ खाली शिरला,
बाहेर उरल्या त्याच्या चपला.
बॅटरी धरायचं काम माझं.
“आई, वर. तिथं नाही, आई.
कुठं बघायलीस तू?”

मी बघत होते
काळी हवी तिथं जोडलेली लाल वायर,
वॉशर म्हणून ठोकलेलं दहा पैशाचं नाणं,
मधोमध भोक, कडेची नक्षी शाबूत.
आणि नळीच्या फुटक्या जागी गुंडाळलेला
हिरवा रुद्राक्षी काठ, वर एमसील.
रस्त्यात कुणाचं लुगडं फाडलं असेल?
ती काही म्हणाली असेल का?

चासीवरचा सांधा तर
भिंतीवर गोवरी थापावी तसा.
“कोन्या गाढवानं केलंय हे?
डोळे झाकून केलंय का?”
मन्मथचा आवाज खालून येत होता.

गौसपाशा हौद्याचे अँगल कापायला आलेले.
त्यांनी बशी संपवली, पालथी ठेवली.
“मैंच हूँ बेटा, वो गधा.”

भूकंपाचं साल. लाइट गेलेली.
सकाळपर्यंत पत्रे पोचवायचे होते किल्लारीकडं,
ड्रायव्हर दारातून हलेना.
“गॅसवर जोडलं. कंदील बायकोनं धरला.
तीही भलतीकडंच बघायली होती.
तिचं माहेर तिकडं.”

चपला हलल्या नाहीत.
बराच वेळ एक पाना जमिनीवर पडल्याचासुद्धा आवाज नाही.

मीच म्हटलं, राहू द्या भाऊ तसंच.
टिकलंय की एवढी वर्षं.

तर खवळले.
“टिकलंय म्हणजे बरोबर हाय का?”
आणि ग्राइंडर लावला.
सगळ्या अंगणात ठिणग्या,
कोंबडी भिंतीवर.
गोवरी झिजत झिजत खालचं लोखंड उघडं पडलं,
चांदीसारखं, कधी ऊन न पाहिलेलं.
मग भर दुपारी, नवा रॉड लावून,
एक सरळ रेघ.
“रात का काम था,” काच वर करून म्हणाले,
“दिन में करने दे.”

गार झाल्यावर मी बोट फिरवलं.
शिवणीला फिरवतो तसं.

संध्याकाळी एक किलो मिरची टाकून बघितली.
इंजिननं दोनदा खोकून घेतलं, मग धरलं.
गल्ली शिंकली. मन्मथ शिंकला.
समोरच्या दुकानातला पेढ्या-बर्फीवाला
शिव्या देत देत शिंकला.
गाडी थरथरत होती, वीट मात्र एकही सरकली नाही.

किती द्यायचे, विचारलं.
गौसपाशा डोळे पुसत होते, मिरचीनंच असेल.
“अर्धा किलो काळं तिखट बांध.
घरी सांगतो, कुठून आलं ते.”

सोमवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे.
रिव्हर्स अजून जमत नाही.